चौदा हजार पावलं

दामेतकेनच्या नातवाच्या मेजवानीसाठी तिच्या अंगणात पाऊल टाकलं आणि कुलाशला किळस आली. मांडवाखाली तीन लांब टेबलं लावली होती, त्यांवर तळहाताएवढी जागा मोकळी नव्हती. कापलेल्या कलिंगडावर गांधीलमाश्या बसल्या होत्या, आणि बायका बसल्या बसल्या पिशव्या उघडून तयार होत्या. मेजवानीतलं उरलेलं घरी न्यायचं, नातवंडांच्या तोंडात घालायचं, हा चांगला रिवाज आहे, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण उरलेलं म्हणजे जेवणं झाल्यावर. राबिगाने अजून पहिला चहासुद्धा घेतला नव्हता आणि चॉकलेटांची अख्खी बशी तिच्या पिशवीत उलटी झाली होती. वर घोड्याच्या मांसाचे चार काप कागदी रुमालात गुंडाळून तिने तेही आत सरकवले आणि चरबीने माखलेली बोटं एकेक करून चाटली.

मनाची नाही तर जनाची तरी ठेव, असं कुलाश मनात म्हणाली. तोंडाने म्हणाली, "बरी आहेस ना, राबिगा?"

"मी बरीच असणार. उपाशी तू राहतेस, मी नाही," राबिगा म्हणाली. "सरका गं, आपल्या मास्तरीणबाईंना जागा द्या. आणि ते बाउरसाक तिच्यासमोरून हलवा, बिचारीला बघवत नसेल."

टेबलावर हशा पिकला. तरी चार-पाच जणींनी हातातला बाउरसाक, मैद्याचा तळलेला गोळा, हळूच बशीत परत ठेवला. कुलाशने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच तिला शिसारी आली, आणि ती बिनसाखरेच्या चहाचा घोट घेऊन ताठ बसून राहिली.

कुलाशचं वय बासष्ट. कारासू गावच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवून ती निवृत्त झाली. नवरा आधीच गेला होता, मुलगी लग्न होऊन पार पश्चिमेला गेली, आणि घरात उरल्या एक शेळी, सात कोंबड्या आणि शिस्त. पहिल्या दोन्हींना निदान दाणावैरण घालता येतं. शिस्तीचं काय करायचं ते कळेना, तेव्हा तिने वसंतात फोनवर बायकांचा एक गट काढला. नाव ठेवलं 'चाळीस पहाटा'. चाळीस दिवस पहाटे पाचला उठायचं, गार पाणी अंगावर घ्यायचं, मैदा आणि साखर बंद, दिवसाला दहा हजार पावलं, आणि वहीत आपल्या चुका लिहायच्या. पावलं मोजणारा पट्टा मनगटावर बांधायचा आणि संध्याकाळी त्याच्यावरचा आकडा फोटो काढून गटात टाकायचा. पहिल्या फेरीला अकरा बायका होत्या. आता तिसरी फेरी चालू होती आणि बायका त्रेसष्ट झाल्या होत्या.

कुलाशचा आकडा सगळ्यांच्या वर असायचा. तेरा हजार आठशे, चौदा हजार दोनशे. खाली दोन ओळींचा उपदेश. शरीर हा कामचुकार नोकर आहे, त्याला मालक कोण ते दाखवा. बाजारात लोक तिला वाट करून द्यायचे. एवढं चालूनही कुलाश आपांचं अंग कसं भरलेलं, असं एक पाववाली एकदा म्हणाली होती, पण तिला दुसऱ्या बायकांनीच गप्प केलं.

आता खरं काय ते सांगून टाकतो. पहिले अकरा दिवस कुलाश खरोखर चालली. बाराव्या दिवशी डोंगरावरून गार वारा सुटला आणि तिला उठवेना. आठ वाजता गल्लीतली जनावरं निघाली. कारासूत घरटी पाळी असते, ज्याची पाळी तो अख्ख्या गल्लीची शेळ्यामेंढरं टेकडीवर नेतो आणि तिन्हीसांजेला आणून सोडतो. शेळीला दाराबाहेर काढता काढता कुलाशची नजर मनगटाकडे गेली. तिने पट्टा सोडला आणि शेळीच्या पुढच्या पायाला, केसांत दडेल असा बांधला. आजचा एकच दिवस, असं ती स्वतःला म्हणाली. संध्याकाळी शेळी चौदा हजार पावलं घेऊन घरी आली.

त्याला आता साडेपाच महिने झाले होते. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. कुलाशला उंटाचीही गरज पडली नाही, तिची शेळी तिच्या वतीने आपण होऊन जाऊन येत होती. जूनमध्ये एका कुत्र्याने कळप उधळला आणि पट्ट्यावर एकतीस हजार आले. कुलाश बराच वेळ तो आकडा बघत बसली, हा टाकावा की गिळावा. शेवटी टाकला. गटातल्या बायकांनी टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पाडला.

पहाटे उठल्याचे फोटो ती आठवड्याचे एकदम काढून ठेवायची, डोक्याचा रुमाल बदलून बदलून. आणि साखरेचं म्हणाल, तर कोठीत कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यामागे आटवलेल्या गोड दुधाचा डबा असे. दार ओढून घ्यायचं, उभ्या उभ्या चमच्याने खायचं, मग डब्याच्या आतून बोट फिरवायचं. त्या चिकट बोटाला पोत्यातला कोंडा लागायचा. ती कोंड्यासकट बोट चाटायची, चूळ भरायची आणि आत येऊन गटाला लिहायची की साखर हे विष आहे. चुकांच्या वहीत ती 'आज राबिगाचा राग आला' असल्या चुका लिहायची. शेळीचं नाव वहीत एकदाही आलं नव्हतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं आणि किळसही येत होती. किळस आली की तिला वाटायचं, म्हणजे आपण अजून अगदीच वाया गेलो नाही. असं वाटलं की जीव हलका व्हायचा, आणि जीव हलका झाला की पाय पुन्हा कोठीकडे वळायचे.

या सगळ्यात मोल्दिर आली. मोल्दिर ही दामेतकेनची सून, सत्तावीस वर्षांची. तिचा मुलगा संझार सोळा महिन्यांचा होऊनही उभा राहत नव्हता. त्याचे पाय मऊ होते. आठवड्यातून दोनदा बसने शहरात मालिशीला न्यायचं, परतल्यावर सासूचा स्वयंपाक, आणि रात्री पोर रडून जागवायचं. अशात ती दुसऱ्या फेरीत गटात शिरली, कारण तिला कुलाश आपांसारखं कणखर व्हायचं होतं. नवव्या दिवशी तिने लिहिलं, 'आज आठला उठले. संझार झोपला नाही. पावलं दोन हजार शंभर. चार बाउरसाक खाल्ले आणि पाचवा अर्धा.'

त्या गटात खरं लिहिणारी बहुधा ती एकटीच होती. कुलाशला ते वाचून संताप आला. तो अर्धा बाउरसाक तिला सहन झाला नाही. चार खाल्ले असं सांगून थांबता आलं असतं, पण या पोरीने अर्ध्याचाही हिशेब दिला होता. कुलाशने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर लिहिलं, 'कारणं सांगणाऱ्याला चाळीस पहाटा काय, चाळीस वर्षंही पुरणार नाहीत. आईच अंथरुणात लोळली तर मूल उभं कसं राहणार?' आणि मोल्दिरला गटातून काढून टाकलं. चाळीस-पन्नास जणींनी खाली 'बरोबर' लिहिलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, मोल्दिर ताजी रोटी घेऊन कुलाशच्या दारात उभी राहिली.

"आपा, संझार उभा राहतो आता. परवा भिंत सोडून तीन पावलं टाकली."

"छान झालं."

"त्याची दोरी तुम्ही कापा."

मूल चालायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि चांगल्या चालीच्या माणसाकडून ती कापून घेतात. कापणाऱ्याचा गुण पोराच्या पायांना लागतो. म्हणून आळशाच्या, लबाडाच्या हातात कोणी सुरी देत नाही.

"सासूला विचारलंस का?" कुलाशने विचारलं.

"त्यांना त्यांचे भाऊ हवे होते, पहिलवान आहेत ते. मी म्हटलं, पहिलवान उचलतो, आपा चालतात. बासष्टाव्या वर्षी रोज चौदा हजार. मला तेच हवंय."

"मी तुला गटातून काढलं होतं, मोल्दिर."

"बरोबरच काढलंत. मी आहेच आळशी. म्हणून तर म्हणते, माझ्यावर जायला नको तो."

नाही म्हणायला कुलाशकडे तीन सबबी तयार होत्या. पण ती हो म्हणाली, कारण तिला फार गोड वाटलं. मोल्दिर गेल्यावर तिने दुधाचा डबा उकिरड्यावर भिरकावला. तिसऱ्या दिवशी ती जाऊन तोच डबा उचलून घेऊन आली. माश्या हाकलल्या, कडेची घाण फडक्याने पुसली आणि आत बोट घातलं. चौथ्या दिवशी खरंच चालायला निघाली. कालव्याच्या पुलापर्यंत गेली, तिथे तिला धाप लागली, पोटऱ्यांत गोळे आले, आणि ती कठड्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा शेळीच्या पायात होता.

आणि आज हे अंगण. सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकात फुंकर मारली. अंगणाच्या मधोमध पांढरं कापड अंथरलं गेलं, दामेतकेनने नातवाच्या पायांत दोरी बांधली आणि म्हटलं, "काळं कोणतं, पांढरं कोणतं ते ओळखून चाल रे बाबा. दुसऱ्याची दोरी ओलांडू नकोस, दुसऱ्याचं घेऊ नकोस." संझारला दोन बायकांनी बगलेत धरून उभं केलं होतं. त्याचे गुडघे आत वळलेले होते, तोंडातून लाळ गळत होती, आणि कुठे पळायचं ते माहीत नसूनही तो पुढे झेपावत होता.

"आता या पोराला कोणाची चाल मिळणार?" सूत्रसंचालक ओरडला. "साऱ्या कारासूला पहाटे उठवणाऱ्या, चौदा हजार पावलांच्या कुलाश आपांची."

कुलाशच्या हातात सुरी आली. ती कापडावर गुडघे टेकून बसली तेव्हा दोन्ही गुडघे कडाडले. पोराचे घोटे अगदी तिच्या नाकासमोर होते, तिच्या अंगठ्याहून फारसे जाड नव्हते. मालिशीच्या तेलाचा वास येत होता. दोरी घोट्याच्या वर, आठाच्या आकड्यासारखी फिरवली होती. आज सकाळी या घरी यायला निघताना, नवा रुमाल बांधून झाल्यावर, तिच्या हातांनी सवयीने पट्टा शेळीच्या पायात बांधला होता. या क्षणी शेळी टेकडीवर तिच्या नावाने चरत फिरत होती. मोल्दिर समोर उभी होती आणि तिचे ओठ पुटपुटत होते. कुलाशची चाल पोराला मिळावी म्हणून ती देवाकडे मागणं मागत होती.

"माझा गुडघा जरा..." असं कुलाशने सुरू केलं, आणि ते खोटं इतकं तयार, इतकं गुळगुळीत बाहेर आलं की तिला स्वतःच्या जिभेची घाण वाटली. तिने सुरी खाली घेतली.

"ही चाल माझी नाही," ती म्हणाली. "माझा पट्टा शेळीच्या पायात असतो. एप्रिलपासून. मी चालत नाही. पाचला उठतही नाही. कोठीत उभी राहून गोड दूध खाते."

सूत्रसंचालक हसला, कारण हसणं हे त्याचं कामच होतं. मग तो थांबला.

पहिली बोलली ती राबिगा. "अगं, मग झालं काय एवढं? माझा पट्टा माझा नवरा घालतो. टपाल वाटायला जातो ना तो, फुकट जातात त्याची पावलं."

"माझा नातीच्या झोक्याला बांधते मी," मागून कोणी म्हणालं.

"मी तर हात हलवत टीव्ही बघते. तेवढंही मोजतो मेला."

हसण्याची लाट उठली. बशीत परत ठेवलेले बाउरसाक पुन्हा उचलले गेले. बायका एकमेकींच्या खांद्यावर थापा मारत होत्या, डोळे पुसत होत्या, इतक्या महिन्यांचं ओझं उतरल्यासारख्या सैल झाल्या होत्या. कोणाला राग आला नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं सगळ्यांचं पाप एकीच्या तोंडून परस्पर धुतलं गेलं होतं.

"खरं बोललीस, सुटलीस," दामेतकेन म्हणाली. "चाल नाही तर नाही, पोराला भूमिती तरी येईल. काप आता, मांस थंड होतंय."

कुलाशला वाटलं होतं की हे सांगितलं की आभाळ कोसळेल. आभाळ जागच्या जागी होतं आणि खाली मंडळी चघळत होती. त्याहून वाईट गोष्ट तिच्या आतच चालली होती. आज संध्याकाळी गटात काय लिहायचं ते तिच्या मनात जुळू लागलं होतं. 'आज मी सर्वांसमोर सत्य सांगितलं. सत्य सांगायला धैर्य लागतं.' दोन ओळी तयारही झाल्या होत्या. कबुली देऊन अजून दोन मिनिटं झाली नव्हती आणि तिला त्या कबुलीवर टाळ्या हव्या होत्या. इतकी किळस तिला त्या डब्याचीही कधी आली नव्हती.

एकटी मोल्दिर हसली नव्हती. ती पांढऱ्या कापडावर आली आणि कुलाशसमोर उकिडवी बसली.

"आपा, ते तुम्ही लिहिलं होतं ना, आईच लोळली तर मूल उभं कसं राहणार. ते कुठे बसून लिहिलंत?"

कुलाशला टाळता आलं असतं. "पडल्या पडल्या," ती म्हणाली. "अंथरुणात."

"किती वाजता?"

"शेळी सोडून पुन्हा पडले होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील."

मोल्दिरने मान हलवली. "मी त्या दिवशी साडेनऊला बसमध्ये होते," ती म्हणाली. "याला मांडीवर घेऊन. वाचलं आणि वाटलं, खरंच माझ्यामुळेच असेल. तीन महिने मी या पोराकडे बघून तेच म्हणत होते." तिने हात पुढे केला. "सुरी द्या."

"आईने कापायचं नसतं," दामेतकेन म्हणाली. "अपशकुन करतेस का, सूनबाई?"

"मग कोण कापेल, आई? ज्याचा पट्टा त्याच्याच हातात आहे, त्याने पुढे यावं."

राबिगा पिशवीची गाठ मारायला लागली. बाकीच्यांना अचानक चहा ओतायची आठवण झाली. दामेतकेनचे पहिलवान भाऊ उठायला गेले, बहिणीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसले. मोल्दिरने दोरीखाली बोट घातलं, पोराच्या कातडीला लागू नये म्हणून सुरी बाहेरच्या बाजूला वळवली आणि एका झटक्यात कापली.

संझार दोन पावलं चालला आणि बुडावर आपटला. बायका धरायला धावल्या, पण मोल्दिरने त्यांना हाताने थोपवलं. तो कापड मुठीत पकडून, कण्हत, स्वतःच उभा राहिला आणि आणखी चार पावलं गेला. दामेतकेनने ओंजळी भरभरून गोळ्या उधळल्या. लगेच साठ-साठ वर्षांच्या बाया हातापायांवर आल्या, एकमेकींना कोपरांनी ढकलत टेबलाखाली शिरल्या, मातीत पडलेली चॉकलेटं झग्याला पुसून पिशव्यांत टाकू लागल्या. शेळीची गोष्ट तेवढ्यात त्या विसरल्यासुद्धा.

कुलाश कापडावर तशीच गुडघ्यांवर होती. तिला उठता येत नव्हतं. उठायला आधाराला काही नव्हतं आणि हाक मारायची लाज वाटत होती. गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी सरपटत गेली. शेवटी एक हात तिच्या काखेत आला आणि तिला वर ओढलं. तो मोल्दिरचा होता. तिचं तोंड अजून पांढरंफटक होतं.

"मला तुमचा राग आहे, आपा," ती हळू आवाजात म्हणाली. "जायचा नाही इतक्यात."

"जाऊ देऊही नकोस."

"घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण मला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना." तिने पोराकडे एक नजर टाकली. "पोटातल्याची दोरी बांधायला दीड-दोन वर्षं आहेत. तोवर चाला."

"तेव्हा मला बोलावशील?"

"बघेन," मोल्दिर म्हणाली आणि पोर फाटकाकडे निघालं होतं त्याच्यामागे गेली.